बिनधुराचा जोड

वाळूज, ११ जुलै

वर्षाताई,

तुला पत्र लिहायचं आज-उद्या करत महिना काढला. पैल्यांदा पेन नव्हता. पेन मिळाला तर कागद नव्हता. दोन्ही मिळाले तर खोलीवरच्या सत्यमनं पत्त्याचा डाव मांडला. खरं सांगू का, लिहायची सवयच गेली. दहावीनंतर मी लिहिलंय ते फक्त हजेरीवर सही. आयटीआय अर्धी सोडली तवा दाजी म्हणले होते, "ह्याच्या पायाला भिंगरी अन् डोक्याला भोक." दाजींचं काही काही बोलणं बरोबर असतं.

तू फोनवर बोलता बोलता खोकायला लागलीस, अन् खोकला थांबेचना. मग तूच म्हणलीस, बज्या, तोंडी नको, लिहून दे, चित्र काढून दे, टपरीत समोर ठेवून काम करीन. केजच्या डॉक्टरनं म्हणं सांगितलं, छातीतली शिट्टी सोल्डरच्या धुरानं वाजती, धूर बंद कर न्हाईतर टपरी बंद कर. तर आता नीट लिहितो.

गोष्ट अशी हाय. तांबं असू दे का ॲल्युमिनियम, हवा लागली की त्याच्यावर कातडं चढतं. पाण्याचा तांब्या चार दिवस घासला न्हाई की काळा पडतो ना, तसंच, फक्त डोळ्याला दिसत न्हाई इतकं पातळ. ते कातडं असलं की सोल्डर गोळा होऊन घरंगळतं, धरत न्हाई. कातडं खायला आपण पेस्ट लावतो. पेस्ट जळती, धूर तुझ्या छातीत. अन् नुसती पेस्ट सोडून भागत न्हाई, तुझ्या सोल्डरच्या तारेच्या पोटातबी तेच भरलेलं असतं. म्हणून ती तार पैली सोड. भरीव कांडी घे, आत काही नसलेली.

आमच्या कंपनीत पेस्टच न्हाई! काचेच्या खोलीत एक गन हाय. तिचं टोक थरथरतं, पण इतकं बारीक की ना दिसतं ना ऐकू येतं. वितळलेल्या सोल्डरात टोक बुडवलं की आतल्या आत बुडबुडे फुटून धातूवरचं कातडं फाटतं. वरून सोल्डर झाकलेलं, मग हवा परत शिरणार कुठून? झालं, धरलं! धूर न्हाई, वास न्हाई. मी पैल्या दिवशी टाळीच वाजवली. सुपरवायझर म्हणला, "तमाशाला आलायस का बे?"

तसली एक जुनी गन कपाटात पडून हाय. सुपरवायझरशी बोललोय. पोळ्याला येताना घेऊनच येतो, तू काळजी करू नको.

तवर हे कर. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कांडी वितळव, अन् त्या वितळलेल्या थेंबाच्या आतच करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं घास. आधी घासून मग सोल्डर टाकू नको, तेवढ्यात हवा परत कातडं चढवती. थेंबाच्या आत घास. चित्र मागं काढलंय. कुत्र्यासारखं दिसतंय ती गन हाय.

कुत्र्यावरून आठवलं, कंपनीच्या गेटावर कुत्री व्यालीय. सगळी पिल्लं काळी अन् एकच पांढरं. मी मधीमधी बघून येतो. वॉचमन म्हणतो तिचं दूध पुरत न्हाई. तर आम्ही डब्यातली चपाती...

कागद संपला.

तुझा बजरंग

&nbsp;

नांदूरघाट, २५ जुलै

बज्या,

तुझं पत्र आलं. पोस्टमन टपरीत येऊन उभाच राह्यला. म्हणला, "बाई, सगळं ठीक हाय ना? आजकाल घरचं पत्र म्हणलं की माणसाला भ्या वाटतं." मी म्हणलं, माझ्या भावाला अक्षर येतं हेच आज कळलं.

तू सांगितलं तसं केलं. बल्बच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर थेंब केला, आतच घासला. दोनदा घरंगळला, तिसऱ्यांदा धरला. नखानं उचकटून बघितला, निघंना. धूर न्हाई! मी टपरीत एकटीच हसले. पानवाला म्हणला, "काय ताई, लॉटरी लागली का?"

पण बल्बवर टपरी चालत न्हाई. आपल्याकडं काम फवारणी पंपाचं. त्याच्या आतल्या सर्किटच्या कार्डावर पार्टांचे पाय केसावाणी बारीक. पातं लावलं की खालची तांब्याची पट्टीच उचकटून येती. विठ्ठलरावांचं कार्ड असंच गेलं. ते चार माणसांत म्हणले, "बाईमाणसाला शिकवायचं न्हाई ते शिकवलं की हे असं होतं." मग मी जुनी तारच काढली. दोन पंप केले, अन् पायरीवर येऊन बसले. श्वास आत जातो बज्या, पण बाहेर यायचं विसरतो. पानवाल्यानं पाणी दिलं ते हातातच राह्यलं.

आता नीट ऐक. भगवानराव मुकादम घरी येऊन गेला. औंदा त्याची ऊसतोडीची गाडी दसरा झाला की निघणार. म्हणला, "राधाकिशन, एकट्याचा कोयता मी लिहीत न्हाई. नवराबायको जोडी पाहिजे. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची." तुझ्या दाजीनं त्याला सांगितलं, हिची टपरी चालली तर मी गावातच ट्रॅक्टरवर बसतो. न्हाई चालली तर दोघं येतो. दसऱ्यापर्यंत थांब. म्हंजे दसऱ्याच्या आत ह्या बारीक पायांना बिनधुराचं सोल्डर लागलं तर मी इथं, न्हाईतर फडात.

मला फडात जायचं न्हाई. आरोही पाचटावर जन्मली ते तू बघितलंस. वर मुकादमाची बायको चहा पिता पिता मला म्हणती, "पिशवी काढून टाक ना, म्हंजे पाळीचे खाडे पडत न्हाईत." साडी कुठून घेतली विचारावं तशी म्हणली.

तर बारीक पायांचं काय करायचं ते लिही. घासायचं न्हाई, धूर न्हाई, असं काही तुमच्याकडं असंलच. अन् कुत्रीची गोष्ट कमी, गनची जास्त. पोळ्याला वाट बघते.

वर्षा

&nbsp;

वाळूज, २६ ऑगस्ट

वर्षाताई,

पोळ्याला आलो न्हाई, कावून ते विचारू नको. कंपनीत काम लई हाय. गन मिळणार हाय, थोडं मागंपुढं होईल. खोली बदलली, नवा पत्ता पाकिटावर लिहिलाय. इकडं शेजारी भंगारवाले हायेत, दिवसभर धूर. मोबाईल पाण्यात पडला, नंबर लागायचा न्हाई, म्हणून लिहीतच जा.

आता तुझ्या बारीक पायांचं. ते काम आमच्याकडं पेटीत होतं. त्या पेटीवर मीच होतो. होतो म्हंजे हाय. गोष्ट ऐक. मुंगळा चावल्यावर जळजळतं ना? मुंगीच्या आंगात असतं तेच ॲसिड, फॉर्मिक म्हणतात. ते थोडं तापवायचं, त्याची वाफ कार्डावरून फिरवायची. कार्डबी खालून तापलेलं पाहिजे. गरम झालं की ती वाफ कातडं आपोआप खाती, हात लावायला नको, पातं नको. अन् मग भरीव सोल्डर असं पसरतं, असं पसरतं, पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसं. मला तर त्याचा कधी वाससुद्धा आला न्हाई. बाहेरून काचेतनं बघत बसायचं. मला लई आवडायचं. काळं पडलेलं तांबं बघता बघता नव्या नवरीवाणी होतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे हवा लागू द्यायची न्हाई. हवा आत आली की खेळ खलास, कातडं परत चढलं. सुपरवायझर रोज ओरडायचा, हवा, हवा! तेवढं ध्यानात ठेव. अन् दुसरी गोष्ट त्याच्याहून महत्त्वाची, ती म्हंजे

थांब, बाहेर कसली बोंबाबोंब चाललीय बघून येतो.

आलो. अगं एका टेम्पोचं मागचं फाळकं उघडलं अन् सगळा माल रस्त्यावर. टीव्हीच टीव्ही, जुने पेटीवाले. एक टीव्ही घरंगळत चहाच्या हॉटेलात शिरला. चहावाला त्याला म्हणतो, "या, बसा, काय घेणार?" आम्ही हसून हसून मेलो. मग सगळं उचलून देण्यात दुपार गेली. ड्रायव्हरनं भजी चारली. त्याचं गाव आपल्या तलवाड्याच्या शिवंला हाय, मग तर काय, बसलोच.

कुठं होतो मी? हां. हवा लागू द्यायची न्हाई. तेवढं सांभाळलंस की झालं.

आरोहीला पापी.

बजरंग

&nbsp;

नांदूरघाट, ५ सप्टेंबर

बज्या,

तुझं पत्र मिळालं अन् अर्धं काम त्याच दिवशी झालं. तुला कड्याची अंजू आठवती? माझ्यासंगं बचत गटाच्या शिबिरात होती, एलईडी बल्बचं शिकायला. तिच्या सासरी म्हशी लई. मुरघास करताना वैरण कुजू नये म्हणून ते एक ॲसिड शिंपडतात. मी फोनवर नाव सांगितलं, ती म्हणली थांब, कॅन बघते. तेच निघालं! तिनं एस.टी.च्या कंडक्टरकडं बाटली दिली, वर चिठ्ठी लावली, "हळू धरा, बाईचा जीव हाय ह्याच्यात." कंडक्टरनं मांडीवर ठेवून आणली म्हणं.

मी मांडणी केलीय. खाली शेगडी, वर पत्रा, पत्र्यावर कार्ड, शेजारी वाटीत ॲसिड. एकच अडचण. आपल्या टपरीला फटी किती, तुला म्हाईत हाय. वारं सरळ शेगडीवर येतं. म्हणून शटर खाली ओढणार, फटीत पोती कोंबणार, वरच्या झरोक्याला पुठ्ठा, पंखा बंद. हवेचा कण आत येऊ देणार न्हाई.

बाटलीचं बूच काढून बघितलं तर वास नाकात पात्यावाणी शिरला. तू तर म्हणतोस वास येत न्हाई. तापल्यावर जात असंल.

पण बज्या, तू लिहिलंयस, दुसरी गोष्ट त्याच्याहून महत्त्वाची, अन् पुढं टीव्हीच चाललाय हॉटेलात. ती दुसरी गोष्ट काय? पत्र मी परत परत वाचलं, कागद उलटा करून बघितला. ह्या रविवारी करणार न्हाई. पुढच्या रविवारपर्यंत थांबते. त्याच्या आत लिही, न्हाईतर कुणाच्या फोनवरून अंजूला कर, घरचा फोन दिवसभर तुझ्या दाजीपाशी असतो, तिचा नंबर खाली दिलाय. ती मला निरोप देईल. नुसतं एक वाक्य सांग.

पुढच्या रविवारपर्यंत तुझं काही आलं न्हाई तर मी समजेन की फार मोठं नव्हतं. असतं तर तू सांगितलंच असतं. आपल्या माणसाला कोण न्हाई सांगत?

विठ्ठलराव परत एक पंप देऊन गेलेत. "हा शेवटचा," म्हणले. मी म्हणलं, मामा, हा घेऊन जाताना तुमी पेढे द्याल.

वर्षा

&nbsp;

नांदूरघाट, २२ सप्टेंबर

बजरंगराव पाव्हणे यांना राधाकिशनकडून.

मला पत्र लिहायची हौस न्हाई. तुमचा फोन लागत न्हाई म्हणून लिहितो.

तुमच्या बहिणीला अंबाजोगाईच्या दवाखान्यातून काल घरी आणलं. त्याच्या आधीच्या रविवारी ती टपरीत शटर ओढून बसली. पानवाल्याला आतून खोकल्याचा आवाज आला, मग तोबी थांबला, म्हणून त्यानं हाका मारल्या. शटर उचलंना, खाली पोती कोंबलेली. चौघांनी मिळून वर केलं. मी तिथं पोचलो तर ती पालथी. डोळे असे लाल की आरोही आई म्हणून जवळ जाईना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, "एवढं तेज ॲसिड तापवताना दार, खिडकी, काहीच उघडं नव्हतं?" मी म्हणलं, न्हाई बाई, हिच्या भावाचा हुकूम व्हता, हवा लागू द्यायची न्हाई. तिनं पेन खाली ठेवला. म्हणली, भाऊ काय करतो? मी म्हणलं, मोठ्या कंपनीत हाय, काचेतनं बघत बसतो.

तुमचं पत्र तिथंच फळीवर पडलेलं, चहाचा ग्लास वर ठेवून. मी वाचलं. सगळं वाचलं. टीव्हीचंबी वाचलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगावी लागंल. ते विठ्ठलरावांचं कार्ड लख्ख झालतं. सोल्डर पाण्यावाणी बसलंय. पंप चालू हाय. नाकातली नळी काढली तर तुमच्या बहिणीनं पैलं तेच विचारलं, पाय धरले का? मी भिंतीकडं तोंड करून उभा राह्यलो.

आता पुढचं. डॉक्टरीणबाई म्हणती, धूर न्हाई, धूळ न्हाई, थंडीत उघड्यावर झोपायचं न्हाई. म्हंजे टपरी गेली अन् फडबी गेला. पण भगवानरावानं जोडी म्हणून नाव लिहून ठेवलंय, अन् घरात खायला लागतं. तो म्हणतो, बायको न्हाई तर दुसरं कुणीबी आण, दोन हात पाहिजेत. बहिणीच्या जागी तुमी या. एक सीझन. गाडी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी निघंल. तुमी न आलात तर मला तिलाच न्यावं लागंल, मोळ्या बांधायला, अन् मी नेईन. मी काही राक्षस न्हाई. पण दुसरी वाट असली तर तुमी दाखवा. वाटा दाखवायची तुम्हाला सवय हाय.

ती अजून तुमच्यावर चिडत न्हाई. "बज्यानं सांगितलेलं खरं निघालं, माझीच मांडणी चुकली," असं म्हणती. त्याचाच मला जास्त राग येतो.

राधाकिशन

&nbsp;

वाळूज, ३० सप्टेंबर

दाजी,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. चार दिवस उशाखाली ठेवलं. तुमच्यापुढं मी बोलायला लागलो की माझी जीभ जड होती, लिहितानाबी तेच होतंय.

ती दुसरी गोष्ट सांगतो. हवा लागू द्यायची न्हाई ती पेटीत. खोलीत न्हाई. पेटी चारी बाजूंनी बंद, आत दुसराच गॅस भरलेला, टायरात भरतात तो, अन् वर मोठा पाईप, सगळी वाफ शोषून छतावरनं बाहेर फेकणारा. पाईप बंद असला तर मशीन चालूच होत न्हाई. खोलीची दारं तर सताड उघडी. वास यायचा न्हाई तो त्या पाईपामुळं. एवढंच लिहायचं व्हतं. दोन ओळी. मी टीव्ही बघायला गेलतो.

तिचं दुसरं पत्रबी मिळालं व्हतं मला. वेळेवर मिळालं, रविवारच्या आधी. तुम्हाला, "मला उशिरा मिळालं" असं लिहिणार व्हतो, तसं एक पत्र लिहून फाडलंबी. मिळालं, वाचलं, म्हणलं संध्याकाळी अंजूच्या नंबरवर लावू. त्याच दिवशी पोरं वेरूळला निघाली, टेम्पोत जागा व्हती. तिकडून आल्यावर चहावाल्याच्या फोनवरून एकदा लावला. बिझी लागला. मग माझ्या मनानं धरलं की सांगून झालं. दाजी, माझं असं व्हतं. करायचं ठरवलं की मला वाटतं केलं.

आता हेबी सांगतो. कंपनीत मी न्हाई. ऑगस्ट लागायच्या आधीच काढलं. पेटी चालू ठेवून मी गेटावर पिल्लांकडं गेलो, अख्खा लॉट करपला. गनचं विचाराल तर सुपरवायझर एकदाच "बघू" म्हणला व्हता, मी त्याचं हो करून ताईला कळवलं. आता मी ह्या भंगारच्या गोडाऊनात हाय. जुनी कार्डं मोठ्या तव्यावर तापवायची, सोल्डर सुटलं की पकडीनं पार्ट उपटायचे. ताई जोडती अन् मी सोडवतो, असं सत्यम म्हणतो. तो भेटायला आलता, पण आत आला न्हाई, डोळे चोळत गेटावरनंच परत गेला. इथं दुपारी समोरचा माणूस दिसत न्हाई धुरानं.

हे ताईला सांगू नका. तिला वाटू द्या मी कंपनीत हाय. तिच्यापाशी माझं तेवढंच उरलंय.

अन् फडाचं म्हणाल तर दाजी, मला जमायचं न्हाई. मी चार दिवसांत पळून येईन, तुमाला म्हाईत हाय, भगवानरावालाबी म्हाईत हाय. मग तुमचा कोयता मधीच तुटंल, ते जास्त वाईट. तुमी दुसरं कुणी बघा. नांदूरघाटात कुणी मिळंलच. ताईला मात्र नेऊ नका, तिला धुरापासून लांब ठेवा, घरात बसवा. दिवाळीपर्यंत मी काहीतरी करतो, एका माणसाशी बोलणं चाललंय, त्याच्याकडं छोटा पाईपवाला पंखा हाय, टपरीला लावला तर सगळा धूर बाहेर

दाजी, पत्र इथंच थांबवतो. गेटावर कुणीतरी बाई आलीय, पोरं तिला बसायला डबा देतायत. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हाताला आरोही. वर्षाताई हाय. चेहरा निम्मा झालाय. तुम्हाला न सांगता पाकिटावरच्या पत्त्यावर आलेली दिसती.

तिनं मला अजून बघितलं न्हाई. पोरांना विचारतीय, बजरंगची कंपनी कुठली म्हणून. पोरं हसतायत. पदर नाकाला लावलाय तिनं, अन् तव्यावर आत्ताच कार्डांचा नवा घाणा पडलाय.